रंगहीन स्वर्ग आणि पंचांतले हिंदी गृहस्थ

विनोदी चित्रपट पाहावा, पोटभर हंसावें, घरीं येऊन जेवतांना त्यांतल्या दोनचार गमती घरच्या माणसांना सांगाव्या, आणि दुसऱ्या दिवशीं तो विसरून जावा, अशी आमची पुष्कळ वर्षांची समजूत होती. टीका करावयाची ती शोकांतिकेवर. प्रहसनावर टीका करणें म्हणजे फुलपाखरूं तराजूंत घालण्यासारखें आहे, असें आम्ही वर्गांतहि अधूनमधून बोलून दाखवीत असूं. गेल्या महिन्यांत विद्यापीठाच्या चित्रपट-मंडळानें एका संध्याकाळच्या चर्चेचें अध्यक्षपद आम्हांला दिलें, आणि त्या दोन तासांत ही समजूत बरीच खिळखिळी झाली. ती कशी झाली हें सांगण्यासाठीं हा लेख आहे. दुसरेंहि एक कारण आहे. त्या सभेंत आम्हांला एक प्रश्न विचारण्यांत आला, व त्याला आम्हीं तेथें जें उत्तर दिलें तें आमचें आम्हांलाच पुरेसें वाटलें नाहीं.

चित्रपट-मंडळें ही कांहीं आजची कल्पना नव्हे. लंडनची फिल्म सोसायटी १९२५ सालीं निघाली. कलकत्त्यास सत्यजित राय, चिदानंद दासगुप्त आणि त्यांचे मित्र यांनीं १९४७ सालीं आपली संस्था उभी केली. मुंबईचें प्रभात चित्र मंडळ १९६८ सालचें. आमच्या विद्यार्थिदशेंत चित्रपट पत्र्याच्या गोल डब्यांतून येत, रीळ बदलतांना दिवे लागत, आणि त्या पांच मिनिटांत बाकांवर जी कुजबूज चाले तीच आमची चर्चा. आतां रीळ बदलावें लागत नाहीं. म्हणून चर्चेला निराळी वेळ ठरवावी लागते, अध्यक्ष नेमावा लागतो, आणि अध्यक्षाला चहाहि द्यावा लागतो. या शेवटच्या सुधारणेविषयीं आमची तक्रार नाहीं.

मंडळानें निवडलेला चित्रपट होता ‘ए मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’. मायकेल पॉवेल आणि एमरिक प्रेसबर्गर या जोडीनें तो लिहिला व निर्माण केला, आणि १ नोव्हेंबर १९४६ रोजीं लंडनमध्यें राजघराण्यासमोर त्याचा पहिला प्रयोग झाला. अमेरिकेंत तो ‘स्टेअरवे टु हेवन’ या नांवानें गेला. ज्या वाचकांनीं तो पाहिला नसेल त्यांच्यासाठीं कथानक थोडक्यांत सांगतों. थोडक्यांत सांगणें कठीण आहे, कारण कथानकाच्या आडवळणांतच त्याची सारी लज्जत आहे.

१९४५ च्या मे महिन्याची दुसरी तारीख. यूरोपांतलें युद्ध संपत आलें आहे. पीटर कार्टर नांवाचा इंग्रज वैमानिक पेटलेल्या बाँबर विमानांतून घरीं परततो आहे. बाकीचे सोबती उतरून गेले, बॉब नांवाचा मित्र शेजारीं मरून पडला आहे, आणि पीटरच्या हवाई छत्रीच्या चिंध्या झाल्या आहेत. बिनतारी यंत्रावर त्याला एका अमेरिकन मुलीचा आवाज मिळतो. तिचें नांव जून. हा गृहस्थ मरणाच्या दारांत उभा राहून तिला कविता ऐकवितो, आईला निरोप सांगतो, दोनचार वाक्यांत तिच्या प्रेमांत पडतो, आणि छत्रीवांचूनच उडी टाकतो. तो मरावयाचा, पण मरत नाहीं. परलोकांतून त्याला नेण्यासाठीं आलेला दूत इंग्लंडच्या धुक्यांत वाट चुकतो! फ्रेंच राज्यक्रांतींत मान गमावून बसलेला हा नखरेल सरदार वीस तासांनीं आपली चूक दुरुस्त करण्यासाठीं येतो, तोंपर्यंत पीटर समुद्रकांठीं शुद्धीवर येऊन, सायकलवरून चाललेल्या जूनला गांठून, तिच्या प्रेमांत खराखुरा बुडालेला असतो. तो जावयास नकार देतो आणि वरच्या न्यायालयांत अपील करतो. इकडे पृथ्वीवर रीव्ह्ज नांवाचा एक डॉक्टर त्याच्या डोक्याला झालेली दुखापत ओळखून शस्त्रक्रियेची तयारी करतो. स्वतः डॉक्टरच मोटारसायकलच्या अपघातांत मरतो, आणि मेल्यामुळें पीटरचा वकील होण्यास मोकळा होतो. शस्त्रक्रिया खालीं आणि खटला वर, असे दोन्ही एकाच वेळीं चालतात.

दिवे लागल्यावर चर्चेचा पहिला अर्धा तास अपेक्षेप्रमाणें एकाच प्रश्नांत गेला. हें सारें खरेंच घडलें कीं त्या जखमी मेंदूचा खेळ? वैद्यकीय महाविद्यालयांतून पाहुणा म्हणून आलेल्या एका विद्यार्थ्यानें मोठ्या अधिकारानें सांगितलें कीं दूत येण्यापूर्वीं प्रत्येक वेळीं पीटरला तळलेल्या कांद्याचा वास येतो, आणि नसलेला वास येणें हें मेंदूंतल्या एका विशिष्ट विकाराचें लक्षण म्हणून वैद्यकाला माहीत आहे. दुसऱ्यानें दाखवून दिलें कीं वरचा न्यायाधीश आणि खालचा शस्त्रवैद्य ही दोन्ही कामें एकाच नटाचीं आहेत. (हा नट म्हणजे अब्राहम सोफेअर, त्याचा जन्म रंगूनचा, ही माहिती आम्हीं अध्यक्षपदाचा फायदा घेऊन मध्येंच घुसडून दिली.) तिसऱ्यानें विरुद्ध बाजूनें बुद्धिबळाचें पुस्तक पुढें केलें. दूत पीटरकडून बुद्धिबळाच्या डावांचें एक पुस्तक उसनें नेतो, आणि शेवटीं तें परत येतें. स्वप्नांतल्या माणसाला दिलेलें पुस्तक परत कसें येईल? त्यावर कोणी तरी म्हणालें कीं जागेपणीं माणसांना दिलेलीं पुस्तकेंहि परत येत नाहींत. सभा हंसली, आणि पुस्तकांच्या बाबतींत आमच्याहि जुन्या जखमा ताज्या झाल्या.

या वादांत आम्हांला फारसें तथ्य वाटत नाहीं. चित्रपटाच्या आरंभींच लेखी सूचना आहे कीं यांतला दुसरा लोक केवळ एका तरुण वैमानिकाच्या मनांत वसतो. म्हणजे कर्त्यांनीं निकाल आधींच देऊन टाकला, आणि मग दोन तास तो निकाल आपणांस विसरावयास लावण्याची खटपट केली. ही खटपट साधली हेंच महत्त्वाचें. वास, चेहरा, पुस्तक हीं सारीं दोन्ही पारड्यांत जाणूनबुजून सारखीं टाकलेलीं वजनें आहेत. तीं मोजीत बसणारा प्रेक्षक वाण्याच्या दुकानांत शोभेल.

खरी मौज त्या परलोकाच्या रचनेंत आहे. स्वर्ग म्हटला कीं झगमगाट, फुलें, रत्नें आणि अप्सरा, ही कल्पना आपल्याकडे आणि त्यांच्याकडे सारखीच. या दोघांनीं ती उलटी केली. पृथ्वी रंगीत, टेक्निकलरच्या भडक आणि रसरशीत रंगांत न्हालेली. आणि परलोक करडा, स्वच्छ, शिस्तशीर, एखाद्या उत्तम चाललेल्या सरकारी कचेरीसारखा. मेलेले सैनिक रांगेनें येतात, नोंदवहींत सही करतात, आणि त्यांना पंख वांटले जातात, तेहि वेष्टणांत गुंडाळलेले. एक जण कमी भरला म्हणून हिशेब जुळत नाहीं, आणि सगळी यंत्रणा अस्वस्थ होते. दूत पृथ्वीवर फुललेल्या झुडपांत प्रकट होतो तेव्हां वर रंगांची फार उपासमार होते अशी त्याची तक्रार आहे. हें एक वाक्य ऐकून सभागृहांत जो हशा पिकला त्यांत आमचाहि आवाज होता. पण हंसून झाल्यावर ध्यानांत येतें कीं ही कोटी म्हणजेच चित्रपटाचा सारा युक्तिवाद आहे. मृत्यूनंतर न्याय मिळेल, व्यवस्था मिळेल, पंखहि मिळतील. पण गुलाबाचा तांबडा रंग येथेंच आहे. करड्या लोकांतला गुलाब पाहतां पाहतां पृथ्वीवर तांबडा होतो तो क्षण आम्हीं पूर्वीं एकदां पाहिलेला होता, तरी याहि वेळीं अंगावर कांटा आला. छायालेखक जॅक कार्डिफ आणि नेपथ्यकार आल्फ्रेड युंगे यांचें नांव या ठिकाणीं कृतज्ञतेनें घेतलें पाहिजे. दोन लोकांना जोडणारा तो प्रचंड सरकता जिना युंगेनें उभा केला; त्याला १०६ पायऱ्या होत्या, आणि तो खरोखरीच यंत्रानें चालत असे.

आपल्याकडे हा विनोद नवा नाहीं. यमदूतानें चुकून दुसऱ्याच माणसाला उचलून नेलें, चित्रगुप्ताच्या वहींत घोटाळा झाला, आणि यमधर्माला डोकें खाजवावें लागलें, अशा गोष्टी आजीच्या तोंडून कोणीं ऐकल्या नसतील? कलकत्त्याच्या एका सभासदानें १९५८ सालच्या ‘यमालये जीवंत मानुष’ या बंगाली चित्रपटाची आठवण काढली. त्यांत भानु बंद्योपाध्याय जिवंतपणींच यमलोकीं जाऊन धुमाकूळ घालतो. समुद्रकांठीं शेळ्या चारीत पांवा वाजविणारा नागडा मुलगा दिसला तेव्हां मागच्या बाकांवरून ‘गोविंदा आला’ अशी आरोळीहि उठली. ती असभ्य होती, पण अगदींच गैर नव्हती. पीटर त्या वेळीं आपण मेलों असें धरून चालला आहे, आणि मेल्यावर असा मुलगा भेटावा हें यूरोपियन मनालाहि आपल्याइतकेंच स्वाभाविक वाटत असलें पाहिजे.

येथवर सभा खेळीमेळीची होती. मग इंग्रजी घेऊन एम्. ए. करणारी एक मुलगी उठली. ती आमचीच विद्यार्थिनी. तिच्या हातांत टिपणाचा कागद होता, पण तिनें तो पाहिला नाहीं.

तिचें म्हणणें असें. खटल्यांत सरकारी वकील आहे अब्राहम फार्लन, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धांत इंग्रजांच्या गोळीला बळी पडलेला पहिला माणूस. इंग्रज म्हटला कीं त्याचें रक्त उसळतें. निकालासाठीं बसविलेल्या पंचांत एक फ्रेंच आहे, एक बोअर आहे, एक रशियन, एक चिनी, एक आयरिश, आणि एक हिंदी. म्हणजे ज्यांना ज्यांना इंग्लंडनें पायांखालीं घातलें किंवा रणांगणावर गांठलें त्यांच्यापैकीं एक एक. डॉक्टर रीव्ह्ज हरकत घेतो कीं हे पंच पूर्वग्रहानें दूषित आहेत. हरकत मान्य होते, आणि त्यांच्या जागीं अमेरिकन नागरिक येऊन बसतात, ज्यांचे पूर्वज त्याच निरनिराळ्या देशांतले. प्रेक्षक टाळी वाजवितो. ‘‘पण सर,’’ ती म्हणाली, ‘‘तो हिंदी गृहस्थ उठून गेला कोठें? त्याला बोलावलें कशासाठीं आणि घालविलें कशासाठीं? त्याच्यावर अन्याय झाला होता हीच त्याची अपात्रता ठरली. ज्याला मार बसला तो साक्षीदार खोटा, कारण त्याला मार बसला आहे! तुम्ही आम्हांला हें विनोदी चित्र म्हणून दाखवितां. त्या माणसानें बसून निकाल दिला असता तर काय दिला असता, तें सांगा.’’

सभागृह एकदम शांत झालें. आम्हीं जें उत्तर दिलें तें प्राध्यापकी होतें. चित्रपट त्या काळाचा आहे, कर्त्यांचा हेतु निराळा होता, इंग्लंड आणि अमेरिका यांच्यांतला रुसवा काढावा म्हणून इंग्रज सरकारच्या प्रचारखात्याच्या सूचनेवरून त्याची कल्पना निघाली, वगैरे. सारें खरें होतें, आणि सारें गैरलागू होतें. मुलगी ‘‘हो सर’’ म्हणून बसली. हें ‘‘हो सर’’ शिक्षकाला शिवीपेक्षां अधिक झोंबतें.

घरीं आल्यावर आम्हीं तारखा जुळवून पाहिल्या. १९४५ च्या शरदांत डेनम येथल्या चित्रशाळेंत हा स्वर्गीय खटला चित्रित होत होता. त्याच नोव्हेंबरांत दिल्लीच्या लाल किल्ल्यांत आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरचा खटला उभा राहिला. १९४६ च्या फेब्रुवारींत मुंबईच्या बंदरांत नाविकांनीं बंड केलें. लंडनला राजाराणींसमोर हें चित्र झळकलें तेव्हां दिल्लीस नेहरूंच्या नेतृत्वाखालीं हंगामी सरकार येऊन दोन महिने झाले होते. म्हणजे तो हिंदी पंच चित्रांतल्या न्यायालयांतून उठून गेला, पण त्या वेळीं तो रिकामा बसला नव्हता. हें उत्तर सभेंत सुचलें असतें तर बरें झालें असतें.

तरीहि प्रश्न शिल्लकच आहे, आणि तो आमच्या अधिक जवळ येतो. फार्लन इंग्लंडवर आरोप करतो तेव्हां रीव्ह्ज बचावासाठीं काय पुढें करतो? इंग्लंडचे कवि. वर्ड्स्वर्थ, शेली, कीट्स यांचीं नांवें तो हुकमाच्या पानांसारखीं टाकतो. या देशानें हे दिले, मग या देशाचा मुलगा इतका वाईट कसा असेल? आम्ही तीस वर्षें याच कवींवर जगलों. घरभाडें त्यांनीं दिलें, मुलांच्या फिया त्यांनीं दिल्या, आणि त्याहून मोठें कांहीं दिलें असेल तर तें या पानावर सांगण्याजोगें नाहीं. म्हणून ती नांवें ऐकून आमची छाती नेहमींच थोडी फुगते. त्या संध्याकाळीं मात्र ती फुगतां फुगतां थांबली. कवि हे कोणाच्याहि अपराधाला जामीन राहूं शकत नाहींत. कीट्सनें तर स्वतःच्या घराचेंहि भाडें कसेंबसें भरलें. जगण्याची इतकी हौस ज्यानें शब्दांत उतरविली त्याला साम्राज्याच्या खटल्यांत प्रतिष्ठित साक्षीदार म्हणून उभा करणें ही त्याच्यावरच जबरदस्ती आहे. इतकें मान्य केल्यावर आमच्या विद्यार्थिनीचा आक्षेप अर्ध्याहून अधिक मान्य केल्यासारखाच आहे.

अर्धाच कां? कारण चित्रपट स्वतः या कोर्टबाजीला फारसा मान देत नाहीं. फार्लन इंग्लंडचा आवाज म्हणून रेडिओवर क्रिकेटच्या सामन्याचें कंटाळवाणें वर्णन ऐकवितो. रीव्ह्ज उलट अमेरिकेचा आवाज म्हणून एक उथळ नाचाचें गाणें ऐकवितो. दोन्ही राष्ट्रें एकाच झटक्यांत हास्यास्पद होतात. (क्रिकेटच्या या पुराव्यावर मात्र तो हिंदी पंच इंग्लंडच्या बाजूनें फुटला असता, असें एक विद्यार्थी म्हणाला, त्या संध्याकाळचें सर्वांत अचूक ऐतिहासिक विधान तें हेंच असावें.) लेखक प्रेसबर्गर जन्मानें हंगेरियन ज्यू, हिटलर आल्यावर जर्मनी सोडून तो इंग्लंडांत आला होता. परक्याच्या नजरेनें इंग्लंडवर प्रेम करणारा हा माणूस. त्याच्या आणि पॉवेलच्या १९४३ सालच्या ‘कर्नल ब्लिंप’ वर चर्चिल संतापला होता, तेंहि उगीच नव्हे. असा माणूस पंचांच्या बाकावर बोअर आणि आयरिश आणि हिंदी यांना आणून बसवितो तेव्हां त्याला त्यांची यादी पाठ आहे. ती यादी त्या काळच्या किती इंग्रजी करमणुकींत सांपडेल? त्यानें दार उघडलें, आंत पाहिलें, आणि घाबरून लावून घेतलें. लावून घेतलें याबद्दल त्याला दोष द्यावा. उघडलें होतें हेंहि लक्षांत ठेवावें.

खटल्याचा भाग कलेच्या दृष्टीनेंहि चित्रपटाचा सर्वांत अशक्त भाग आहे, हें आम्ही कांहीं विद्यार्थ्यांच्या नाराजीला न जुमानतां सांगतों. भाषणें लांबतात. पहिल्या तासांत वाक्यावाक्याला जी चपळाई होती ती व्यासपीठ आल्याबरोबर जड पावलांनीं चालूं लागते. मॅसीसारखा भरदार नट फार्लनच्या कामांत आहे, म्हणून बरें. याच्या उलट डॉक्टर रीव्ह्जच्या घराचा प्रसंग पाहा. रॉजर लिव्हसेचा हा डॉक्टर आपल्या माडीवरच्या अंधाऱ्या खोलींत बसून भिंगाच्या साहाय्यानें सारें गांव एका टेबलावर पडलेलें पाहतो, आणि कोण कोठें चाललें, कोणाचें काय बिघडलें, हें मायेनें वाचतो. भौतिकशास्त्राच्या एका मुलीनें हळूच सांगितलें कीं ही अंधारी खोली म्हणजेच चित्रपटगृह, आणि डॉक्टर म्हणजे आपण. आम्हीं ही गोष्ट कोणत्याहि पुस्तकाच्या आधारावांचून तिच्याकडूनच प्रथम ऐकली, म्हणून तिच्या नांवावरच येथें जमा करतों; नांव मात्र तिच्या परवानगीवांचून छापणें बरें नव्हे.

प्रेमाच्या पुराव्याकडे वळूं. मंडळाच्या कायद्याच्या विद्यार्थ्याला पीटरची बाजू पक्की वाटली. खात्याच्या चुकीच्या भरंवशावर एखाद्यानें आपली स्थिति बदलली, तर खात्याला मागाहून शब्द फिरवितां येत नाहीं. याला एस्टॉपल म्हणतात, आणि पीटरनें प्रेमांत पडून आपली स्थिति चांगलीच बदलली आहे. युक्तिवाद सुंदर आहे. पण त्यावर आमच्या मनांत एकदम सावित्री उभी राहिली. सत्यवानाच्या बाबतींत यमाची चूक झालेली नव्हती. वर्ष भरलें होतें, दिवस ठरलेला होता, हिशेब चोख होता. सावित्रीनें कसलीहि हरकत घेतली नाहीं. ती नुसती मागून चालत राहिली आणि चांगलें बोलत राहिली, आणि एकेक वर पदरांत पाडतां पाडतां यमाला त्याच्याच शब्दांत गुंतविलें. शिवाय तिनें नवरा मागण्यापूर्वीं सासऱ्याचे डोळे आणि राज्य मागितलें, बापाला पुत्र मागितले. एकटा सत्यवान घेऊन ती घरीं आली नाहीं; सारें कुटुंब उभें करून आली. जून हिला असें बोलावयास मिळत नाहीं. तिच्या अश्रूचा एक थेंब गुलाबाच्या पाकळीवर टिपून पुरावा म्हणून नेला जातो, आणि शेवटीं पीटरच्या जागीं जिन्यावर पाऊल टाकण्यास तिला सांगितलें जातें. ती टाकते, जिना तिला घेऊन वर चालूं लागतो, आणि अचानक थांबतो. सारें विश्व कायद्यानें चालतें, पण तो कायदा या एका पावलापुढें अडतो. आदिपर्वांतल्या रुरूनें आपलें अर्धें आयुष्य प्रमद्वरेला दिलें, तीहि याच जातीची गोष्ट; तेथें पुरुष देतो, येथें स्त्री. देणाऱ्याचा त्याग घेऊनहि तो परत करणें, ही देवांची जुनी खोड पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे एकच दिसते.

आम्ही हें सावित्रीचें सविस्तर सांगत असतांना, आणि आपण पूर्वेचा विजय सिद्ध करीत आहों असें मनांतल्या मनांत मानीत असतांना, पुढच्या बाकावरच्या एका मुलीनें हात वर केला. तोंवर ती एक अक्षर बोलली नव्हती. ती म्हणाली, ‘‘सर, बॉबचें काय?’’

‘‘कोण बॉब?’’ आम्हीं विचारलें. आणि विचारतांच लाज वाटली.

बॉब म्हणजे पीटरचा तो मित्र, जो पहिल्याच प्रसंगांत विमानांत मरून पडलेला असतो. तो नियमाप्रमाणें वेळेवर वर येतो, आणि नोंदणीच्या जागीं पीटरची वाट पाहात बसतो. पीटर येत नाहीं म्हणून घोटाळा पहिल्यानें त्याच्याच लक्षांत येतो. त्याच्या वेळीं धुकें नव्हतें. त्याच्या दूतानें वाट चुकविली नाहीं. बिनतारी यंत्रावर त्याच्याशीं कोणी मुलगी बोलली नाहीं. त्याचें अपील कोणी करीत नाहीं, आणि तो स्वतःहि करीत नाहीं. तो मित्राच्या सुटकेचा आनंद मानतो. त्या स्वर्गांत रांगेनें चाललेले ते सारे तरुण, प्रत्येकाच्या हातीं गुंडाळलेले पंख, ते सर्व बॉबच आहेत. ती मुलगी म्हणाली कीं तिला सबंध चित्रपटभर हंसूं येत होतें, पण त्या वाट पाहणाऱ्या माणसाकडे लक्ष गेलें कीं हंसतां येत नव्हतें; आणि असें होणें हा चित्रपटाचा दोष कीं गुण, एवढेंच तिला विचारावयाचें होतें.

आम्हीं गुण असें उत्तर दिलें, आणि अजूनहि आमचें मत तेंच आहे. १९४६ सालच्या लंडनमध्यें त्या प्रेक्षागृहांत बसलेल्यांपैकीं कितीएकांच्या घरचा बॉब गेलेला होता. त्यांना युद्धाविषयीं गंभीर चित्र दाखविणें सोपें होतें. त्यांना हंसवून, एकाच्या सुटकेंत रमवून, मग कोपऱ्यांत बसलेला दुसरा दाखविणें हें अवघड काम होतें, आणि तें कोठेंहि अधोरेखित न करतां केलें आहे. विनोदी चित्र म्हणून आपण जें पाहतों त्याच्या कांठाकांठानें हे मुके लोक बसलेले असतात. हिंदी पंचहि त्यांतलाच. फरक एवढाच कीं बॉबकडे कर्त्यांनीं प्रेमानें पाहिलें, आणि पंचाकडे पाहून न पाहिल्यासारखें केलें. आमच्या पहिल्या विद्यार्थिनीनें हा फरक तत्काळ बोलून दाखविला, आणि बॉबविषयीं विचारणारी मुलगी मान हलवून म्हणाली कीं तिलाहि तेंच म्हणावयाचें होतें, पण पंच तिच्या ध्यानांतच आले नव्हते. दोघी मग बाहेरच्या पायऱ्यांवर पुष्कळ वेळ बोलत उभ्या होत्या. आमचा चहा निवाला.

चिटणिसानें दुसऱ्या दिवशीं सभेचा वृत्तान्त सहीसाठीं आणला. त्यांत वैद्यकीय पाहुण्याचा कांदा, कायद्याचें एस्टॉपल आणि अध्यक्षांची सावित्री हीं सविस्तर आलीं होतीं. दोघी मुलींचे प्रश्न एका ओळींत होते. आम्हीं सावित्री निम्मी कापली, प्रश्न पुरे लिहून घेतले, आणि मग सही केली. पुढच्या महिन्यांत मंडळाला दुसरें कांहीं दाखवावयाचें आहे. पण त्याआधीं पंच बदलण्याचा तेवढा प्रसंग पुन्हा एकदां लावावा, असें चिटणिसाला कळविलें आहे.